बॉनेटखालची स्वच्छता

दिवाळीपूर्वी घर व दुकानाबरोबर मोटारही धुतली जाते. परंतु बॉनेटखालचा धूळ-तेलाचा थर तसाच राहतो. या थराखाली तेलाची वा कूलंटची गळती लपते, आणि तेलकट कचरा तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेट घेऊ शकतो.

सफाईच्या वेळी इंजिन पूर्ण थंड असावे. तापलेल्या धातूवर गार पाणी पडल्यास तडा जाण्याचा संभव असतो. प्रथम आत नीट पाहावे. उबेसाठी शिरलेले मांजर किंवा उंदीर तेथे असल्यास त्यास बाहेर जाण्यास वाव द्यावा. तारा कुरतडलेल्या नाहीत ना, हेही तपासावे. नंतर बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स व एअर फिल्टरचे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकावे.

सुकी धूळ ब्रशने झाडून तेलकट भागावर पाण्यात मिसळणारे डीग्रीझर लावावे. पेट्रोल वा रॉकेल कटाक्षाने टाळावे. प्रेशर वॉशरचा फवारा विजेच्या जोडांत पाणी घुसवतो. म्हणून ओलसर फडक्याने पुसणेच उत्तम. हायब्रिड व विजेवरील गाड्यांतील नारिंगी केबलना हात लावू नये. ते काम जाणकाराचेच.

शेवटी सर्व भाग कोरडे करावेत, पिशव्या व फडकी मोजून बाहेर काढावीत, मगच बॅटरी जोडावी. काही दिवसांनी बॉनेट पुन्हा उघडावे. स्वच्छ इंजिनावर ताजा डाग दिसल्यास गळती कोठे आहे ते कळते, आणि मेकॅनिकला नेमकी जागा दाखवता येते.