विश्लेषण : ‘जजमेंट’ लागले, मग हुकूमनामा कशाला? एका इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ

ओव्हरटेक करताना चालकाचे ‘जजमेंट चुकते’, सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाला उंच झेलाचे ‘जजमेंट येत नाही’ आणि भाऊबंदकीच्या दाव्यात वीस वर्षांनी एकदाचे ‘जजमेंट लागते’. शब्द एकच. पहिल्या दोन ठिकाणी तो अंदाज आहे, तिसऱ्या ठिकाणी निकाल. मात्र तिसऱ्या ठिकाणी तो नेमका कोणता निकाल, हे न कळल्याने अपिलाची मुदत हातची जाऊ शकते.

शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये न्यायाधीशाला ‘यूडेक्स’ म्हणत. ‘यूस’ म्हणजे कायदा आणि ‘दिकेरे’ म्हणजे सांगणे; थोडक्यात, कायदा काय आहे ते सांगणारा. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला आणि न्यायालयाबाहेरही रुळला. एखाद्याचे ‘जजमेंट चांगले आहे’ असे इंग्रजीत म्हटले, तर ती स्तुती असते. त्यासाठी मराठीत ‘तारतम्य’ हा नेमका शब्द आहे. त्याच माणसाला ‘जजमेंटल’ म्हटले, की ती टीका होते. पुरते न ऐकता दुसऱ्याविषयी वाईट मत करून घेणारा, असा त्याचा अर्थ. ‘मला जज करू नकोस’ असे आजची मुले म्हणतात, त्याला घरातली आजी ‘नावं ठेवू नकोस’ म्हणत आली आहे.

न्यायालयातला अर्थ

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २ मध्ये ‘जजमेंट’ची व्याख्या आहे. हुकूमनामा किंवा आदेश ज्या कारणांवर आधारलेला असतो, त्या कारणांचे न्यायाधीशाने केलेले कथन म्हणजे ‘जजमेंट’. कायद्याच्या मराठीत त्याला ‘न्यायनिर्णय’ म्हणतात. दाव्याची थोडक्यात हकिकत, निर्णयासाठीचे मुद्दे, प्रत्येक मुद्द्यावरचा निर्णय आणि त्याची कारणे त्यात असावी लागतात. त्याआधारे पक्षकारांचे हक्क औपचारिकपणे मांडणारा वेगळा कागद तयार होतो. तो ‘डिक्री’ अर्थात हुकूमनामा. हुकूमनामा नसलेला दिवाणी न्यायालयाचा औपचारिक निर्णय म्हणजे ‘ऑर्डर’, म्हणजेच आदेश. वर्तमानपत्रे आणि वृत्तवाहिन्या या तिन्हींना सरसकट ‘निकाल’ म्हणतात, त्यामुळे वाचकाला फरक कळण्याचा मार्गच राहत नाही.

फौजदारी खटल्यात हुकूमनामा नसतो. तिथे न्यायनिर्णयाने आरोपी दोषी की निर्दोष ते ठरते. सत्र खटल्यात दोषी ठरल्यावर शिक्षेबाबत त्याचे म्हणणे ऐकले जाते. ‘दोषी आज, शिक्षा सोमवारी’ अशा बातम्या येतात त्या यामुळे.

पक्षकाराला फरक का कळायला हवा?

दिवाणी दाव्यात अपील होते ते हुकूमनाम्याविरुद्ध. साहजिकच अनेकांना वाटते, की तो कागद हाती येईपर्यंत घाई नाही. ही समजूत महागात पडते. हुकूमनामा नंतर तयार झाला, तरी त्यावर तारीख पडते ती न्यायनिर्णय जाहीर झाल्याच्या दिवसाची. मुदत कायदा, १९६३ नुसार जिल्हा न्यायालयात अपिलासाठी ३० दिवस आणि उच्च न्यायालयात ९० दिवस मिळतात, तेही त्याच तारखेपासून. प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ वजा होतो. पण नकलेचा अर्ज देण्यापूर्वी हुकूमनामा तयार करण्यात न्यायालयाचा जो वेळ गेला, तो वजा होत नाही, असे याच कायद्याच्या कलम १२ चे स्पष्टीकरण सांगते. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नकलेचा अर्ज देऊन ठेवणे शहाणपणाचे. हुकूमनामा शक्यतो १५ दिवसांत तयार व्हावा, असे संहिता म्हणते. तो हाती नसला, तरी अपील दाखल करण्याची सोयही तिने ठेवली आहे.

जिंकलेल्याचीही सुटका लगेच होत नाही. न्यायनिर्णयाची प्रत कपाटात ठेवून ताबा मिळत नाही. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त द्यावी लागते. तिची मुदत साधारणपणे १२ वर्षे आहे. ठरावीक कृती करण्यास भाग पाडणाऱ्या मनाई हुकूमनाम्यासाठी मात्र ती तीनच वर्षे. समोरच्याने अपील केले म्हणून अंमलबजावणी आपोआप थांबत नाही. त्यासाठी वरच्या न्यायालयाची स्थगिती लागते, आणि ‘अपील टाकलंय’ एवढ्यावर वर्षानुवर्षे स्वस्थ बसणारे दोन्ही बाजूंना सापडतात.

शेतजमिनीच्या वाटपात तर आणखी एक टप्पा असतो. न्यायनिर्णय आणि प्राथमिक हुकूमनाम्याने फक्त कुणाचा हिस्सा किती ते ठरते. शेतसारा आकारलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप संहितेच्या कलम ५४ नुसार जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी करतो. त्यानंतर फेरफार नोंदवला जातो. तोवर ‘जजमेंट लागले’ म्हणून पेढे वाटलेल्या घरातही सातबारा जुन्याच नावांनी निघत राहतो.