शिशाच्या मिश्रधातूंची कठिणता : शीत-प्रक्रिया व कालपरिणाम

थंड स्थितीत ठोकल्याने धातू कठीण होतो, असे आपण वर्गात सरसकट शिकवतो. शिसे हा त्यास ठळक अपवाद होय. ३२७ अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या शुद्ध शिशाचे सामान्य तापमानासच पुनःस्फटिकीकरण होते. त्यामुळे ठोकून आलेली कठिणता टिकत नाही. शिसे-अँटिमनी मिश्रधातूची गोष्ट निराळी. शिशात २५२ अंशांस सुमारे ३.५ टक्के अँटिमनी विरघळते, सामान्य तापमानास मात्र अत्यल्प. तापवून एकदम पाण्यात बुडविल्यास जादा अँटिमनी आत अडकते आणि पुढे तिचे सूक्ष्म कण विलग होत कठिणता वाढते. असा तुकडा नंतर रुळांखाली लाटला, तर (विद्यार्थ्यांना नवल वाटते) तो मऊ पडतो! बॅटरीच्या जाळ्या ओतल्यावर काही काळ तशाच ठेवतात, त्या ही कठिणता यावी म्हणूनच.