भिलाईची उंची मोजताना

ज्या खुणांचे अक्षांश, रेखांश आणि उंची आधी काटेकोरपणे ठरलेली असते, त्यांच्याच आधाराने नकाशातला रस्ता, नाला वा टेकडी आपापल्या जागी बसते. अशा खुणांना नियंत्रण बिंदू म्हणतात. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय मापन आरंभले आणि नागपूरच्या वाटेवर १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचे निधन झाले, त्या काळी एका माथ्यावरून दुसरा दिसणे अपरिहार्य होते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहांनी ती अट संपवली, म्हणून भिलाईचा पोलाद कारखाना आणि त्याला लोहखनिज पुरवणारे दल्ली-राजहराचे डोंगर एकमेकांना दिसत नसूनही एकाच मापनात जोडता येतात.

त्यासाठी एक ग्राहकयंत्र ज्ञात बिंदूवर व दुसरे नव्या बिंदूवर एकाच वेळी चालवतात, म्हणजे दोहोंना समान असलेल्या चुका वजाबाकीत निघून जातात. तिपाई खुणेच्या बरोबर वर आणून, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर स्थिरावल्यावर, भूमापक खुणेपासून अँटेनाच्या कडेपर्यंतचे तिरपे अंतर तीन बाजूंनी मोजतो. येथे झालेली सेंटिमीटरभर चूक जवळजवळ जशीच्या तशी बिंदूच्या उंचीत उतरते आणि पुढचे कितीही सूक्ष्म गणित ती धुऊन काढू शकत नाही. कोट्यवधींच्या उपग्रहांचा भरवसा शेवटी या वाकून टेप धरलेल्या माणसावर असतो, ही गोष्ट आदराने नोंदवावी अशीच आहे.

उंचीचा पेच मात्र याहून चिवट आहे. उपग्रह उंची देतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, तर पाण्याचा उतार ठरतो तो गुरुत्वाकर्षणाने घडलेल्या, समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या पृष्ठावरून, ज्याला जिऑइड म्हणतात. मध्य भारतात जिऑइड त्या लंबगोलाच्या ५० मीटरांहून अधिक खाली असल्याने यंत्रावरची उंची रेल्वे स्थानकाच्या फलकावरील उंचीपेक्षा तेवढीच कमी भरते, आणि हा फरक ठिकाणागणिक बदलत असल्याने कालवा किंवा गटार आखणाऱ्याला जुन्या तलचिन्हांपासून पाणसळ फिरवून पडताळा घ्यावाच लागतो.

कारखान्याच्या परिसरात पत्र्याच्या छपरांवरून आणि लोखंडी सांगाड्यांवरून परावर्तित झालेले संदेश अँटेनात शिरून अंतर फसवे दाखवतात. नगरीतल्या दाट झाडांखाली उपग्रहच कमी दिसतात. आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनांबराचे जे दाट पट्टे असतात त्यांपैकी उत्तरेकडचा मध्य भारतानजीक असल्याने सूर्यास्तानंतर संदेश थरथरतात, लांबचे मापन बिघडते. त्याहून मोठी काळजी जमिनीवरच्या खुणेची आहे. रस्ता रुंदावला की सिमेंटात बसवलेला खिळा उखडतो, आणि पुढच्या भूमापकाच्या हाती उरते ते केवळ वर्णनपत्र, ज्यात मोरीच्या कोपऱ्यापासून, विजेच्या खांबापासून आणि एका आंब्यापासूनची अंतरे लिहिलेली असतात. तो मोरी शोधतो, खांब शोधतो, आणि आंबा उभा आहे का ते पाहतो.