शरपुंखा : माळावरची कष्टकरी

आमचा जन्म गेला कामगारांच्या सभांत. तेव्हा आज आम्ही एका रानझुडपावर बोलतो याचे आपणांस नवल वाटेल. पण आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि शाळेबाहेरच अधिक झाले. हे झुडूपही आम्हांला शहापूरच्या एका विडी वळणाऱ्या बाईने ओळखायला शिकवले. मुरमाड टेकाडावरून सभेला जाताना तिने एक लहानसे पान दोन्ही टोकांना धरून ओढले आणि म्हटले, "पाहा भाऊ, हे सरळ तुटतच नाही." खरेच, ते बाणाच्या पिसाऱ्यासारखे कोन करून तुटले. शर म्हणजे बाण, पुंख म्हणजे त्याचे पिसे लावलेले शेपूट. म्हणून ही शरपुंखा. कोणी तिला उन्हाळी म्हणतात.

गुडघा-मांडीएवढे झुडूप, बारीक संयुक्त पाने, लहान जांभळी फुले आणि चपट्या शेंगा. शास्त्रज्ञ तिला टेफ्रोसिया पर्प्युरिया म्हणतात. पहिल्या शब्दात पानांचा राखी रंग आहे, दुसऱ्यात फुलांचा जांभळा.

जिथे गवतही रडतखडत उगवते तिथे ही तगते कशी? ही तुरीच्या कुळातली. तिच्या मुळांवर गाठी असतात व त्यांत सूक्ष्म जंतू राहतात. हवेत सुमारे 78 टक्के नत्र असूनही झाडांना तो थेट घेता येत नाही. हे जंतू तो झाडाला घेता येईल अशा रूपात आणतात. बदल्यात झाड त्यांना साखर पुरवते. दोघांचा हा सरळ करार, मध्ये ठेकेदार नाही! गाठींचे हे रहस्य जर्मनीच्या हेलरीगेलने 1886 साली जगापुढे मांडले. पुढे 1913 पासून कारखान्यातही हवेतील नत्रापासून खताचा कच्चा माल होऊ लागला. पण त्याला प्रचंड दाब आणि चारशे अंशांवर उष्णता लागते. आमची शरपुंखा ते काम मुकाट्याने मुरमात करते.

तिचा कोवळा पाला हिरवळीचे खत म्हणून उपयोगी आहे. भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलखात रोवणीपूर्वी बांधीच्या चिखलात तो गाडला, तर कुजून पिकाला नत्र देतो. खोड निबर होण्यापूर्वीच तो कापावा. आयुर्वेदाने तिला 'प्लीहशत्रू' म्हटले आहे. पण वैद्याला विचारल्याशिवाय कोणी काढा घेऊ नये.

तिच्याच कुळातल्या निळीला बाजारात भाव होता. त्या भावापायी चंपारण्यात शेतकऱ्यांवर जुलूम झाला आणि 1917 साली गांधीजींना तिथे जावे लागले. शरपुंखेला भाव नाही, म्हणून आपण तिच्या माळाला 'पडीक' म्हणतो, काडी लावतो, मुरूम उपसून नेतो. भाव नसणे म्हणजे मोल नसणे नव्हे, हे विडी वळणाऱ्या हातांना कोणी शिकवावे लागत नाही. पडीक म्हटलेली ती जमीन रोज कामावर असते. पुढच्या वेळी टेकाडावर जाल तेव्हा एक पान ओढून पाहा. आणि मग त्या माळाला पडीक म्हणावे की काय, ते आपणच ठरवा.