असं का? : कोकिळाची साद पियानोवर का चढत नाही?

चैत्र-वैशाखात यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याकडे गेलात, की नर कोकीळ ऐकू येतोच. त्याची ‘कुऊ’ खालून वर न तुटता सरकते. हीच साद पियानोवर वाजवली तर तिचे तुकडे का पडतात?

पियानोची पट्टी दाबली की आत नमदा लावलेली हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. तारेचा ताण आधीच ठरलेला असल्यामुळे सूर जागचा हलत नाही. सतारिया तार बाजूला खेचतो, ताण वाढतो आणि सूर वर सरकतो. तीच मींड. सतार हा घाटाचा चढ, तर पियानो ८८ पायऱ्यांचा जिना. पेटीचंही तसंच. हेही एक कारण धरून १९४०मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. ती १९७१पर्यंत टिकली.

मग निसर्गावरून किंवा रागावरून उत्स्फूर्त वाजवणारे पियानोवादक काय करतात? उजवं पेडल दाबलं की तारांवरचे दाबक उचलले जातात आणि सूर घुमत राहतात. त्यात शेजारचे सूर झरझर वाजवले, की आधीच्या सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, पुढच्यात मिसळते आणि कानाला मींडेचा भास होतो.

रचना लिहून ठेवणाऱ्याची वाट वेगळी. फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ यांनी १९५६ ते १९५८ या काळात पक्ष्यांवर पियानोरचना लिहिल्या. पक्ष्यांचं गाणं अतिजलद, उंच पट्टीतलं आणि बारीक श्रुतींचं. मेसियाँनी लय कमी केली, पट्टी उतरवली आणि सुरांमधली अंतरं वाढवली. म्हणजे नक्कल नव्हे, मापं बदलून केलेलं रूपांतर!