लिनक्स संगणकांमधील फाईल-हस्तांतरण : जोडणीतील दोषांचे निदान

नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) कार्यक्षेत्रातील लातूरच्या एखाद्या महाविद्यालयात अंतर्गत गुणांची फाईल विभागातील संगणकावरून कार्यालयातील संगणकावर पाठविणे हे वरकरणी किरकोळ काम होय. तथापि गुण सादर करण्याच्या अखेरच्या दिवशी दोन लिनक्स संगणकांतील जोडणी होईनाशी झाली, की फायरवॉल बंद करणे, फोल्डर सर्वांना खुले करणे असे उपाय घाईने योजले जातात. मूळ दोष बहुधा तसाच राहतो. गुणांची सुरक्षितता मात्र जाते. वास्तविक पडद्यावर उमटणारा संदेशच दोषाचे स्थान पुष्कळ अंशी सुचवीत असतो.

अशा हस्तांतरणासाठी प्रामुख्याने एसएसएच ही कूटबद्ध संदेशवहनाची पद्धत वापरली जाते. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातील तातू यलोनेन यांनी तेथील नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाल्यानंतर १९९५ मध्ये ती विकसित केली. एससीपी, एसएफटीपी आणि बहुधा आरसिंकही तिच्याच आधारे, सामान्यतः २२ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतात. त्यामुळे जोडणीच होत नसताना एक आज्ञा सोडून दुसरी वापरण्यात फारसा लाभ नसतो.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ हा संदेश आला असता समोरचा संगणक बहुधा सापडलेला असतो. त्या पोर्टवर उत्तर देणारी सेवा मात्र चालू नसते. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत एसएसएचची ग्राहक-प्रणाली असते, सर्व्हर वेगळा बसवावा लागतो. पिंगला उत्तर मिळूनही फाईल जात नाही, याचे हेच एक नेहमीचे कारण आहे.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे कोणतेच उत्तर नाही. पत्ता चुकीचा असेल किंवा फायरवॉल मागणी निमूटपणे टाकून देत असेल. ‘नो रूट टु होस्ट’ हा संदेश मात्र फसवा आहे. एकाच नेटवर्कमधील संगणक बंद असल्यास तो येतो, तसाच फायरवॉलने उघड नकार दिल्यासही येतो. दोन्ही प्रसंगी फायरवॉल संपूर्ण बंद न करता केवळ आवश्यक पोर्ट, तेही आवश्यक पत्त्यापुरतेच, खुले करणे इष्ट.

‘परमिशन डिनाइड’ दिसल्यास नेटवर्क निर्दोष समजावे. दोष ओळखपडताळणीत किंवा लेखनाच्या अधिकारात असतो. येथे घाईचा उपाय उलटतो. वापरकर्त्याचे मूळ फोल्डर सर्वांना लिहिण्यास खुले केले, तर एसएसएच सर्व्हर नेहमीच्या मांडणीत त्यातील किल्ली अविश्वसनीय मानून नाकारतो. आज्ञेस ‘-व्ही’ हा पर्याय जोडल्यास जोडणी कोणत्या पायरीवर अडली ते क्रमाने दिसते.

सर्वांत दुर्लक्षित सूचना म्हणजे समोरच्या संगणकाची किल्ली बदलल्याची. लिनक्स नव्याने बसविल्यास ती येते. वीज जाऊन राऊटर पुन्हा सुरू झाल्यावर जुना पत्ता दुसऱ्याच संगणकास मिळाला, तरीही येते. आणि मध्ये कोणी तोतया उभा असल्यासही हीच सूचना येते. जुनी नोंद पुसण्यापूर्वी कार्यालयातील संगणकापाशी प्रत्यक्ष जाऊन त्याच्या किल्लीचा ठसा पडद्यावरील ठशाशी ताडून पाहावा. यास पाच मिनिटे लागतात.