दाराशी बांधलेला कुत्रा आणि हर्सूलचे ऊन

मार्च सरला की हर्सूलच्या बाजूला ऊन चढू लागते. एप्रिल-मे महिन्यांत छत्रपती संभाजीनगरचा (औरंगाबादचा) पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. आपण माणसे मग काही ना काही उपाय करतो. अंगणात पाणी शिंपडतो, खिडकीला ओले गोणपाट लावतो, डोक्याला उपरणे गुंडाळतो, नाहीतर शेजारच्या लिंबाखाली जाऊन बसतो. दाराशी साखळीने बांधलेल्या कुत्र्याला यातले काहीच करता येत नाही. साखळी जेवढी लांब, तेवढीच त्याची दुनिया.

हर्सूल गाव, जटवाडा रस्ता, पिसादेवी रस्ता या भागात कष्टकऱ्यांची वस्ती मोठी आहे. अनेक घरांत नवरा-बायको दोघेही कामावर जातात. कोणी बांधकामावर, कोणी कंपनीत, कोणी चार घरची धुणीभांडी करायला. घरी राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेला सुट्टी लागलेली मुले. राखणीला म्हणून कुत्रा असतो. सकाळी कामावर जाताना बांधला, की तो दिवस मावळताना सुटतो. आमचा हा लेख अशाच घरांसाठी आहे. मोकळा कुत्रा आपली सावली आपण शोधतो, बांधलेल्याला ती शोधता येत नाही. म्हणून बांधलेल्या जिवाची जबाबदारी बांधणाऱ्यावर असते, एवढीच गोष्ट आम्हाला सांगावयाची आहे. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही. थोडे लक्ष आणि थोडी वेळेची अदलाबदल लागते.

कुत्र्याची एवढी काळजी घेणे हा बंगलेवाल्यांचा शौक आहे, असे काहीजण म्हणतील. त्यांनी फेब्रुवारी १९३४ मधले राजगृहातले छायाचित्र आठवावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव अशी कुटुंबातली माणसे त्यात आहेत आणि त्यांच्यासोबत टॉबी नावाचा कुत्राही आहे. कुटुंबाच्या छायाचित्रात कुत्र्याला जागा मिळाली, यातच सगळे आले.

कुत्र्याची जीभ हाच त्याचा माठ

आपल्याला उकडले की अंगभर घाम येतो आणि तो वाळताना अंग थंड होते. कुत्र्याला असा घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी त्याच्या पंजांच्या गादीत असतात, पण तेवढ्याने त्याचे भागत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. जिभेवरचे, तोंडातले आणि नाकातले पाणी वाफ होऊन उडते आणि रक्त थंड होते. माठातले पाणी ज्या रीतीने गार होते, तीच ही रीत.

माठ कोंदट जागी नीट गार होत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. कुत्र्याचेही तसेच आहे. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात धापा टाकून निदान काही उपयोग होतो. जूनच्या सुरुवातीला आभाळ भरून येते आणि उकाडा वाढतो, तेव्हा ऊन कमी दिसले तरी त्याला जास्त त्रास होतो. दारे-खिडक्या बंद करून कूलर लावला तर खोली दमट होते आणि कुत्र्याला आराम पडत नाही. कूलर लावायचा तर एक खिडकी उघडी ठेवावी. कूलरची वायर मात्र त्याच्या तोंडाला लागणार नाही अशी वर बांधावी.

पगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे, म्हातारे, लठ्ठ, अगदी लहान पिल्ले आणि दाट केसांचे पॉमेरेनियन यांना उन्हाचा धोका अधिक. दाट केस उन्हाळ्यात चामडीपर्यंत भादरू नयेत, ते चामडीचे उन्हापासून रक्षण करतात. रोज फणीने विंचरून सुटलेले केस काढावेत, तेवढे पुरे.

सावली जागची हलते

सकाळी आठ वाजता भिंतीच्या पश्चिमेला सावली असते. तिथे कुत्रा बांधून आपण कामावर जातो. दुपारनंतर ती सावली भिंतीच्या पूर्वेला गेलेली असते आणि कुत्रा सकाळच्याच जागी उन्हात तळत असतो. आपल्याकडे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या वेळी उभ्या भिंतीला सावलीच पडत नाही. उत्तरेची बाजू सावलीची, हा आपला एरवीचा अनुभव त्या दिवसांत उपयोगी पडत नाही.

म्हणून भिंतीच्या भरवशावर राहू नये. झाडाखालची जागा सर्वांत चांगली, कारण झाडाची पाने सतत पाण्याची वाफ सोडत असतात आणि खालची हवा थंड राहते. झाड नसेल तर चार काठ्या रोवून वर गोणपाट किंवा जुने लुगडे ताणावे आणि त्याच्यावर वीतभर अंतर सोडून दुसरा थर टाकावा. मधून हवा खेळते आणि खालचा थर तापत नाही. पत्र्याचा खोका उलटा करून त्याचे घर करू नये, ती दुपारी भट्टी होते. घरात मोरीजवळची फरशी मोकळी असेल तर दुपारी बारा ते चार त्याला तिथेच बसू द्यावे. आणि बंद गाडीत, टेम्पोत किंवा कुलूप लावलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याला क्षणभरही सोडून जाऊ नये.

दोन तांबे पाणी

कुत्र्याला एका किलो वजनामागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. आपला गावठी कुत्रा पंधरा-वीस किलोचा धरला तर एरवी साधारण एक लिटर आणि कडक उन्हाळ्यात त्याच्या दुपटीपर्यंत, म्हणजे दोन तांबे. पाणी साठवून वापरण्याची सवय आपल्या शहराला आहे, तरी दोन तांबे पाण्याने कोणाचे पिंप रिकामे होत नाही.

भांडे मातीचे, जड आणि पसरट असावे. जर्मनच्या वाटीतले पाणी उन्हात तापते आणि साखळीच्या हिसक्याने ती उलटी होते. घरात दिवसभर कोणी नसेल तर दोन भांडी दोन जागी ठेवावीत. पाणी रोज बदलावे आणि भांडे घासावे, म्हणजे डासही होणार नाहीत.

पाण्याचा विषय निघाला की आपल्याला २० मार्च १९२७ चे महाड आठवते. ज्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, तिथे आपल्या आजा-पणजांना ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. तहान म्हणजे काय हे ज्या घरांना असे ठाऊक आहे, त्या घरांच्या दारातले भांडे कोरडे राहू नये.

हर्सूल तलावाबद्दल एक शब्द. सुट्टीतली मुले कुत्र्याला घेऊन तलावावर पोहायला जातात. तलावाचे पाणी शहराच्या काही भागाला पिण्यासाठी जाते, त्यात जनावरे धुऊ नयेत. शिवाय काठाच्या गाळात कुत्रा अडकतो आणि त्याला काढायला मूल पुढे जाते. ही जोखीम घेऊ नये. घरी एक बादली पुरते.

फिरणे सूर्य उगवण्याआधी

मे महिन्यात आपल्याकडे सहाच्या सुमारास उजाडते. कुत्र्याला त्याआधी फिरवून आणावे. संध्याकाळी सूर्य मावळला म्हणून लगेच निघू नये, कारण जळगाव रस्त्यासारखा मोठा रस्ता उशिरापर्यंत तापलेला असतो. आपल्या पायात चप्पल असते, त्याच्या नसते. तळहाताची उलटी बाजू रस्त्यावर ठेवून सातपर्यंत अंक मोजावेत. हात ठेववला नाही तर त्याचे पंजेही पोळतील. मातीच्या कडेने, गवतातून न्यावे.

घरबसल्या खेळ

बांधलेला, कंटाळलेला कुत्रा भुंकतो, माती उकरतो, चपला फाडतो आणि मग मार खातो. खरे तर त्याला काम हवे असते. कुत्र्याचे खरे इंद्रिय नाक. नाकाला दहा-पंधरा मिनिटे काम दिले तरी तो चांगला दमतो आणि समाधानाने झोपतो. पुढचे खेळ मुलांनी दुपारी सावलीत बसून खेळावेत. खर्च काही नाही.

भाकरीचा शोध : शिळ्या भाकरीचे तुकडे करून जुन्या पोत्याच्या घड्यांत लपवावेत आणि पोते त्याच्यापुढे टाकावे. एकेक तुकडा हुंगून काढण्यात त्याचा चांगला वेळ जातो.

तीन वाट्या : तीन वाट्या पालथ्या घालून एकीखाली तुकडा ठेवावा. त्याने योग्य वाटीला नाक लावले की तुकडा द्यावा. मुलांनाही यात गंमत वाटते.

ओली वाळू : बांधकामाची वाळू उरली असेल तर सावलीत तिचा लहान ढीग करून पाणी मारावे. त्याला उकरू द्यावे आणि उकरलेल्या थंड खड्ड्यात पसरू द्यावे.

गाठींचे फडके : जुन्या सुती साडीची पट्टी घेऊन दोन-तीन गाठी माराव्यात आणि पाण्यात बुडवून द्यावी. तो ती ओढतो आणि तोंडही गार होते. चिंध्या सुटू लागल्या की काढून घ्यावी, नाहीतर तो गिळतो. प्लॅस्टिकची झाकणे आणि बाटल्या मात्र खेळायला देऊ नयेत.

बस आणि थांब : एकेक शब्द रोज पाच मिनिटे शिकवावा. मार देऊन शिकवू नये. जमले की शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. मारलेला कुत्रा शिकत नाही, तो घाबरतो. घाबरलेलाच चावतो.

खाण्यातले धोके

उन्हाळ्यात जेवण सकाळी लवकर आणि रात्री द्यावे. बिया काढलेले टरबूज आणि काकडीच्या फोडी चालतात. आंब्याची कोय मात्र कधीच टाकू नये. ती आतड्यात अडकली तर पोट फाडून काढावी लागते. द्राक्षे आणि बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात. कांदा-लसूण रक्तातल्या लाल पेशींचा नाश करतात, म्हणून कालवणातली कांद्याची फोडणी त्याच्या भाकरीवर ओतू नये.

उन्हाळ्यात गोचीडही वाढतात. कानात आणि बोटांच्या बेचक्यांत रोज पाहावे. जनावरांच्या गोठ्यात मारायचे औषध, रॉकेल किंवा फिनेल अंगाला चोळू नये. तो ते चाटतो आणि त्याला विषबाधा होते.

१४ एप्रिलची जयंती ऐन उन्हात येते. ढोल, डीजे, फटाके यांचा आवाज कुत्र्याला आपल्यापेक्षा फार मोठा ऐकू येतो. भीतीने साखळी तोडून तो रस्त्यावर धावतो. मिरवणुकीला निघण्यापूर्वी त्याला पाणी ठेवून, पंखा लावून आतल्या खोलीत सोडावे. मिरवणुकीत नेऊ नये.

ऊन लागले तर

कुत्र्याच्या अंगाची उष्णता एरवीच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ती १०५ च्या वर गेली की जिवाला धोका. थर्मामीटर नसला तरी खुणा दिसतात. धाप थांबत नाही, लाळ घट्ट होते, हिरड्या लालभडक दिसतात, उलटी होते, चाल अडखळते, शेवटी तो कोसळतो.

अशा वेळी आधी थंड करावे आणि मग दवाखान्यात न्यावे. सावलीत आणून माठाचे किंवा नळाचे पाणी सर्वांगावर, विशेषतः पोटावर, जांघेत आणि पायांवर ओतत राहावे आणि पंख्याने किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. ओले फडके अंगावर तसेच ठेवू नये, ते गरम होऊन उष्णता कोंडते. ते सारखे बदलावे. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवावे, बळेच तोंडात ओतू नये, ते फुप्फुसात जाते. माणसाच्या तापाची गोळी देऊ नये, तिचा उपयोग होत नाही आणि अपाय होतो. तो उठून बसला तरी डॉक्टरांना दाखवावेच, कारण आतल्या अवयवांना झालेली इजा एक-दोन दिवसांनी दिसू शकते. जनावरांसाठी शासनाचा १९६२ हा बिनपैशाचा दूरध्वनी क्रमांक आहे, तो दाराच्या आत लिहून ठेवावा.

उन्हाने कुत्राही चिडतो. तो खाताना किंवा झोपला असताना मुलांनी हात लावू नये. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्यावी. कोणाला चावलाच तर हळद-मिरची न लावता जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी घाटीत जाऊन लस घ्यावी.

कायदा आणि आपण

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. जनावराला गैरवाजवी आखूड वा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न सोडणे, पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे, हे सर्व त्यात गुन्हे आहेत. पण पोलीस काही प्रत्येकाच्या अंगणात येत नाहीत. तिथे आपली मुले असतात आणि ती आपल्याकडे पाहून शिकतात.

तेव्हा येत्या सुट्टीच्या दिवशी एक काम करावे. सकाळी आठ, दुपारी बारा आणि तीन वाजता मुलांना अंगणात पाठवून कुत्र्याच्या जागेवर ऊन आहे की सावली, आणि भांड्यात पाणी किती उरले, हे पाहून यायला सांगावे. जिथे ऊन असेल तिथे त्याच दिवशी गोणपाट ताणावे. आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर, स्वतः चहा घेण्याआधी, साखळी सोडावी.